आधी सही, मग प्रयोग

आमच्या गच्चीवर 'क्वीन एलिझाबेथ' गुलाबाचं एक जुनं झाड आहे. ऑक्टोबरात त्याची छाटणी केली की डिसेंबरात उंच दांड्यांवर गुलाबी फुलांचे झुबके येतात. रोपवाटिकेतून कलम आणलं तेव्हा हे वाण कुणी घडवलं याचा विचारही मनात आला नव्हता. पुढे ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवताना संकराची उदाहरणं शोधत होते, तेव्हा एक नाव समोर आलं: वॉल्टर लॅमर्ट्स. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून आनुवंशशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. 'शार्लट आर्मस्ट्राँग' हे गाजलेलं वाण त्याचंच. त्याचा 'फ्लोराडोरा'शी संकर करून त्याने 'क्वीन एलिझाबेथ' तयार केलं आणि १९५४ मध्ये ते बाजारात आलं. हे झाड प्रचलित वर्गवारीत बसेना, म्हणून अमेरिकेत त्याच्यासाठी 'ग्रँडिफ्लोरा' नावाचा नवा वर्ग काढावा लागला.

हाच लॅमर्ट्स १९६३ मध्ये स्थापन झालेल्या 'क्रिएशन रिसर्च सोसायटी'चा पहिला अध्यक्ष होता. बायबलमधल्या 'उत्पत्ती'च्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, पृथ्वीचं वय काही हजार वर्षं आहे, नोहाच्या काळचा महापूर सगळ्या पृथ्वीवर आला, आणि सजीवांचे मूळ गट देवाने वेगवेगळे घडवले, असं त्याचं ठाम मत होतं. ज्या हातांनी आयुष्यभर पराग उचलून दुसऱ्या फुलावर टेकवले आणि पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणारी झाडं पाहिली, त्याच हातांनी उत्क्रांती नाकारणारे लेख लिहिले. त्याने गुलाबाच्या डोळ्यांवर न्यूट्रॉनांचा मारा करून उत्परिवर्तनं घडवली, आणि ती बहुतेक झाडाला दुबळंच करतात असा निष्कर्ष काढला.

बरीच वर्षं मी निर्मितीवाद्यांना अडाणी समजत होते. लॅमर्ट्सने माझा तो समज मोडला. प्रश्न बुद्धीचा किंवा शिक्षणाचा नाही. तो कुठे आहे हे त्या सोसायटीच्या सदस्यत्वाच्या अटींत दिसतं. पूर्ण सदस्य व्हायचं तर विज्ञानातली किमान पदव्युत्तर पदवी लागते, आणि बायबलमधला निर्मितीचा वृत्तान्त इतिहास म्हणून खरा आहे असं मानणाऱ्या श्रद्धापत्रकावर सहीही लागते. केंटकीतली 'आन्सर्स इन जेनेसिस' ही संस्था याहून स्पष्ट आहे. तिच्या श्रद्धापत्रकाप्रमाणे इतिहास, कालगणना किंवा इतर कोणत्याही क्षेत्रातला पुरावा बायबलच्या विरुद्ध जात असेल, तर तो ग्राह्य धरता येत नाही. म्हणजे आधी सही, मग प्रयोग. इथे मला जनुकशास्त्रापुरतंच बोलायचं आहे, कारण त्या सहीची खरी कसोटी तिथे लागते. दगड मुका असतो. डीएनए मात्र अक्षरांत लिहिलेला असतो आणि त्यातल्या चुकांसकट नकलला जातो.

या मंडळींची शब्दसंपदाही जुनी आहे. फ्रँक लुईस मार्श या अ‍ॅडव्हेंटिस्ट जीवशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये हिब्रूतल्या 'निर्माण केलं' आणि 'जात' या दोन शब्दांपासून 'बॅरामिन' हा शब्द घडवला. 'जात' म्हणजे नेमकं काय, हे ठरवायची ही धडपड होती. कुत्रा, लांडगा आणि कोल्हा एकाच जातीचे, पण माणूस आणि चिंपांझी मात्र वेगळ्या जातींचे. रेघ कुठे ओढायची, याभोवती त्यांचं सगळं जनुकशास्त्र फिरतं.

या रेघेची सर्वांत गाजलेली तपासणी २६ सप्टेंबर २००५ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या फेडरल कोर्टात सुरू झाली. डोव्हर या छोट्या गावाच्या शाळा मंडळाने ठराव केला होता की नववीच्या जीवशास्त्राच्या तासाला डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत असं निवेदन वाचून दाखवावं आणि पर्याय म्हणून 'बुद्धिमान रचने'च्या, म्हणजे सजीवांमागे कुणी बुद्धिमान रचनाकार आहे असं मानणाऱ्या, एका पुस्तकाकडे बोट दाखवावं. शाळेतल्या विज्ञान शिक्षकांनी ते निवेदन वाचायला नकार दिला. शेवटी प्रशासनातल्या लोकांना वर्गात येऊन ते वाचावं लागलं. हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुस्तक मिटून बसले. नोकरीत असलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या, रविवारी चर्चमध्ये मंडळाच्या सदस्यांशेजारी बसणाऱ्या शिक्षकांनी 'हे आम्ही वाचणार नाही' म्हणणं किती अवघड असेल, याची मला कल्पना आहे.

अकरा पालकांनी दावा लावला. पहिले साक्षीदार होते ब्राऊन विद्यापीठाचे केनेथ मिलर. हे धर्मनिष्ठ कॅथलिक आहेत. त्यांनी न्यायाधीशांसमोर माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र मांडलं.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत ४८. चौघांचा पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी कुठे गेली? ती नुसती नाहीशी झाली असती तर तेवढी जनुकं गमावलेला जीव जगलाच नसता. म्हणून उत्क्रांतीचा सिद्धांत इथे एक उघड भाकीत करतो: दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळलेली असली पाहिजेत आणि तो सांधा सापडला पाहिजे. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, चपलेच्या नाडीच्या टोकावरच्या आवरणासारखी. १९९१ मध्ये दुसऱ्या गुणसूत्राच्या आतल्या भागात असं एक ठिकाण सापडलं. तिथे ही अक्षरं ओळीने येतात आणि मग एकदम उलटी होऊन सी-सी-सी-टी-ए-ए अशी चालू लागतात. दोन टोकं समोरासमोर चिकटली तर असंच दिसणार. त्याखेरीज गुणसूत्रबिंदू एक चालू आहे आणि दुसऱ्याचे निकामी अवशेष आहेत. आणि या गुणसूत्राचे दोन भाग चिंपांझीच्या दोन गुणसूत्रांशी जनुकांच्या क्रमानेही जुळतात.

निर्मितीवाद्यांनी याला उत्तर दिलं. सांध्याची अक्षरं पूर्ण शुद्ध नाहीत, असं ते म्हणाले. पुढे त्यांच्यातल्या जेफ्री टॉमकिन्स यांनी तो सांधा एका कार्यरत जनुकाच्या आत असल्याचा दावा केला. पण सांधा लाखो वर्षांपूर्वीचा असेल तर अक्षरं झिजलेलीच असणार, तो झिजला नसता तर उलट शंका आली असती. आणि जुळलेल्या जागेत पुढे एखादं काम उभं राहिलं म्हणून जुळल्याची खूण पुसली जात नाही. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी नेमलेले होते. त्यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल दिला: बुद्धिमान रचना हे विज्ञान नाही, तो निर्मितीवादाचाच अवतार आहे. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत डोव्हरच्या मतदारांनी ठराव करणाऱ्या मंडळाला घरी बसवलं होतं.

'क' जीवनसत्त्वाचं उदाहरण आपल्या रोजच्या जेवणातलं आहे. आवळा, लिंबू आणि पेरू आपल्याला खावे लागतात, कारण हे जीवनसत्त्व आपलं शरीर बनवू शकत नाही. गाय, कुत्रा, मांजर आणि उंदीर ते स्वतःच बनवतात. त्यासाठी लागणाऱ्या शेवटच्या विकराचं जनुक आपल्याकडे आहे, पण मोडलेलं. ते आठव्या गुणसूत्रावर पडून आहे, पडक्या वाड्याच्या जोत्यासारखं. चिंपांझी, गोरिला आणि माकडं यांच्यातही ते मोडलेलं आहे, आणि मोडतोडीच्या खुणाही जुळतात. गिनीपिगातही हे जनुक निकामी आहे, पण ते वेगळ्या तऱ्हेने मोडलं आहे. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत बरोबर उत्तरं सारखी असली तर शिक्षक काही म्हणत नाही. चुका सारख्या असल्या की मात्र तो दोघांना समोर बोलावतो. तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यामुळे हा युक्तिवाद मला कधी समजावून घ्यावा लागला नाही.

आता निर्मितीवाद्यांची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण काही मुद्दे त्यांनी खरोखरच अडचणीचे शोधले आहेत. १९८७ मध्ये रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १४७ जणांच्या मायटोकाँड्रियल डीएनएवरून दाखवलं की आईकडून येणारा हा वारसा मागे नेला तर सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीपाशी पोहोचतो. तिला 'मायटोकाँड्रियल ईव्ह' हे नाव चिकटलं. त्या काळी ती एकटीच स्त्री नव्हती. इतरांच्या मुलींची साखळी कुठेतरी तुटली एवढंच. पण नावामुळे चर्चमध्ये आनंद झाला. मग १९९७ मध्ये टॉम पार्सन्स यांच्या गटाने कुटुंबांतल्या पिढ्या प्रत्यक्ष तपासून उत्परिवर्तनाचा वेग मोजला. तो अपेक्षेच्या सुमारे वीसपट निघाला. हाच वेग मागे लावला तर ती स्त्री सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीची ठरते! हा आकडा निर्मितीवाद्यांनी उचलला आणि अजून सोडलेला नाही.

वैज्ञानिकांनी हा मुद्दा झटकून टाकला नाही, त्यावर काम केलं. पार्सन्स यांच्या गटाने डीएनएचा जो तुकडा तपासला होता, त्यात काही जागा वारंवार बदलणाऱ्या आहेत. कुटुंबात दिसणारे बरेच बदल पुढच्या पिढ्यांत टिकत नाहीत, गळून जातात. छोट्या काळातला वेग लांब काळाला जसाच्या तसा लावता येत नाही. आषाढातल्या एका दिवसाच्या पावसावरून वर्षाचा पाऊस काढावा तसं ते होईल. पण हे म्हणणंही पडताळून पाहायला हवं होतं. २०१३ मध्ये कार्बन कालमापनाने वय ठरवलेल्या प्राचीन माणसांच्या हाडांतला डीएनए वाचून घड्याळ पुन्हा लावलं गेलं. त्यातली काही माणसं चाळीस हजार वर्षांपूर्वीची होती. घड्याळ संथच निघालं आणि ती स्त्री पुन्हा दीड-दोन लाख वर्षांच्या टप्प्यात गेली.

केंटकीतल्या विल्यम्सटाउनला २०१६ मध्ये ५१० फूट लांबीचं लाकडी तारू उभं राहिलं. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक नोहाच्या जहाजाला तारूच म्हणतात. ते 'आन्सर्स इन जेनेसिस'चंच आहे. जगातले सगळे प्राणी त्यात मावणार नाहीत हे उघड आहे, म्हणून तिथे प्रत्येक 'जाती'ची मूळ जोडी ठेवली आहे: कुत्र्याची एक जोडी, मांजराची एक जोडी. त्या जोडीपासून वाघ, सिंह, चित्ता, मनीमाऊ हे सगळे पुढच्या साधारण ४,३०० वर्षांत झाले, असं ते सांगतात. उत्क्रांती नाकारणाऱ्यांनी उत्क्रांतीला एवढा वेग द्यावा, हे मला नेहमी चकित करतं.

आता तारवातल्या माणसांचा हिशेब करू. नोहा, त्याची बायको, तीन मुलगे, तीन सुना. माणसाला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात. मुलांच्या प्रती आईबापांच्याच, म्हणून नोहा आणि बायको मिळून जास्तीत जास्त चार, आणि तीन सुनांच्या सहा. एकूण दहा. अवयव रोपणाच्या वेळी जे एचएलए जुळवतात, त्यातल्या 'एचएलए-बी' या एका जनुकाचे आज हजारो प्रकार माहीत आहेत. दहावरून हजारो, तेही ४,३०० वर्षांत. उत्परिवर्तनाने ते झाले म्हणावं, तर दुसरी अडचण उभी राहते. निर्मितीवाद्यांचेच सर्वांत नावाजलेले जनुकशास्त्रज्ञ म्हणतात की उत्परिवर्तनं फक्त नासधूस करतात.

ते जॉन सॅनफर्ड. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी १९८०च्या दशकात सहकाऱ्यांसह 'जीन गन' बनवली. धातूच्या सूक्ष्म कणांना डीएनए लावून ते पेशींवर झाडायचे. पहिले प्रयोग कांद्याच्या पेशींवर झाले. याच तंत्रातून हवाईतल्या पपईला विषाणूपासून वाचवणारं वाण निघालं. शेतकऱ्यांचं एवढं भलं करणाऱ्या माणसाचं कर्तृत्व मी त्याच्या श्रद्धेमुळे कमी मानणार नाही. २००५ मध्ये त्यांनी 'जेनेटिक एन्ट्रॉपी' हे पुस्तक लिहिलं: किंचित घातक उत्परिवर्तनं निवडीच्या नजरेतून सुटतात आणि साचत जातात, म्हणून प्रत्येक जनुकसंच ऱ्हासाच्या वाटेवर आहे, आणि असा जनुकसंच लाखो वर्षं टिकूच शकत नाही. किंचित घातक बदल साचतात, हा प्रश्न खरा आहे आणि जनुकशास्त्रज्ञही त्यावर वाद घालतात. पण मग वर्षाला कितीतरी पिढ्या काढणारे उंदीर कधीच नष्ट व्हायला हवे होते. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये बारा चंबूंत ई. कोलाय जिवाणू वाढवायला सुरुवात केली. ७० हजारांहून अधिक पिढ्या झाल्या. त्या जिवाणूंची काही जनुकं मोडली हे खरं आहे, पण त्या चंबूंच्या वातावरणात ते दुबळे होण्याऐवजी अधिक वेगाने वाढू लागले. एका चंबूतल्या जिवाणूंनी तर ऑक्सिजन असताना सायट्रेट खाण्याची नवी क्षमता मिळवली.

तारवानंतर झपाट्याने झालेला बदल आणि उत्परिवर्तनांनी फक्त ऱ्हास, ही दोन टोकांची दोन गृहीतकं एकाच तंबूत कशी राहतात, याचं उत्तर मला पुन्हा त्या सहीतच सापडतं. शेवट ठरलेला असला की मधल्या पायऱ्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तरी चालतं.

तरीही याच तंबूत मला एक असा माणूस भेटला (लेखनातून, प्रत्यक्ष नाही) ज्याच्याबद्दल मनात आदर आहे. टॉड वूड. व्हर्जिनिया विद्यापीठाची डॉक्टरेट, जनुकसंचाचा अभ्यास, आणि पृथ्वी काही हजार वर्षांचीच यावर पूर्ण श्रद्धा. ते टेनेसीतल्या डेटन गावी शिकवत. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर १९२५ मध्ये खटला चालला होता, तेच हे गाव. चिंपांझीचा जनुकसंच सप्टेंबर २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. जुळवता येणाऱ्या भागांत एकेका अक्षराचा फरक १.२३ टक्के निघाला. वूड यांनी पुढच्याच वर्षी आपल्या लोकांना सांगितलं की हे साम्य खरं आहे, आणि निर्मितीवादाकडे त्याचं समाधानकारक उत्तर अजून नाही. पुढे त्यांनी जाहीरपणे लिहिलं की उत्क्रांतीचा सिद्धांत कोसळायला आलेला नाही, त्याच्या बाजूला भरपूर पुरावा आहे, आणि आपण तो नाकारतो ते केवळ श्रद्धेने. त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. पण पुराव्याला पुरावा म्हणण्याची हिंमत किती जणांत असते?

त्यांच्या शेजारी टॉमकिन्स यांचा आकडा ठेवून पाहा. २०१३ मध्ये त्यांनी माणूस आणि चिंपांझी यांच्यातलं साम्य सुमारे ७० टक्केच असल्याचं जाहीर केलं. नंतर त्यांनी वापरलेल्या संगणक प्रणालीत दोष असल्याचं उघड झालं, तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी नवा आकडा दिला: ८८ टक्के. दुरुस्ती छापली हे चांगलंच केलं. पण टक्केवारी मोजण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. न जुळणारे तुकडे आणि गाळलेले भाग फरकात धरले तर तो अर्थातच खाली येतो. खरा प्रश्न तुलनेचा आहे. घरातला छोटा उंदीर आणि मोठा उंदीर यांच्यात जितके जनुकीय फरक आहेत, त्यांच्या साधारण एक दशांश फरक माणूस आणि चिंपांझीत आहेत. दोन्ही उंदीर एकाच कुळातले, आणि बहुतेक निर्मितीवाद्यांची 'जात' साधारण कुळाइतकीच मोठी असते. एकच फूटपट्टी वापरली तर रेघ कुठे पडेल हे कुणालाही दिसेल.

हा वाद धर्म विरुद्ध विज्ञान असा सरळ नाही, हेही इथेच सांगते. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. त्यांनी २००६ मध्ये श्रद्धा आणि उत्क्रांती दोन्हींच्या बाजूने पुस्तक लिहिलं. सेंट लुईसचे संगणकीय जीवशास्त्रज्ञ जोशुआ स्वामिदास यांनी २०१९ मध्ये वेगळीच वाट काढली. वंशावळ आणि जनुकं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं ते म्हणतात. हे आपल्याला चटकन कळतं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आपल्या घराण्याची कितीतरी पिढ्यांची नावं असतात. दहा पिढ्यांपूर्वीचे पूर्वज मोजायला गेलं तर १,०२४ होतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या डीएनएचा एक तुकडाही आपल्यात उतरलेला नसतो. तेव्हा काही हजार वर्षांपूर्वीचं एक जोडपं आज सगळ्यांच्या वंशावळीत असू शकतं, पण सगळी मानवजात फक्त त्यांच्यापासून निघालेली नसणार.

अमेरिकेत गॅलपच्या २०२४ च्या पाहणीत ३७ टक्के लोकांनी देवाने माणूस गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात घडवला असं सांगितलं. १९८२ मध्ये हे प्रमाण ४४ टक्के होतं. आपल्याकडे बायबलचा प्रश्न नाही, पण तोच युक्तिवाद जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत ऐकू आला. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह तिथे म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चूक आहे, आणि माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कुणी पाहिलं नाही. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याला विरोध केला. सिंह हे मुंबईचे पोलीस आयुक्त होते. खून होताना कुणी पाहिलेला नसला तरी रक्ताचा डाग, बोटाचा ठसा आणि डीएनए यांवरून न्यायालय निकाल देतं, हे त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांना माहीत असेल. बाप कोण हे ठरवणारी तपासणी आणि चिंपांझीशी नातं सांगणारी तपासणी एकाच तर्कावर उभ्या आहेत.

मग २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' झालं. १,८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहून निषेध केला. बारावीत उत्क्रांती आहे, असं सांगितलं गेलं. पण दहावीनंतर जीवशास्त्र सोडणारी मुलंच जास्त असतात. मेंडेलचे वाटाणे शिकवायचे आणि ते कशासाठी हे सांगायचं नाही, ही कात्री चुकीच्या जागी चालली. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. या जोडनावाचं मोल मला त्या वर्षी कळलं.

मी शिकवत होते तिथे उत्क्रांती नेहमी फेब्रुवारीच्या शेवटी उरकली जायची. 'प्रवेश परीक्षेत दोन-चार प्रश्न येतात, नोट्स द्या' असं मला वरून सांगितलं गेलं होतं, आणि बरीच वर्षं मी ते ऐकलं. त्याची खंत आहे. निवृत्तीच्या वर्षी मी क्रम उलटा केला आणि जूनमध्ये, पहिल्या पावसात, हाच धडा आधी घेतला. लांबलचक कागदी पट्ट्यांवर दुसऱ्या गुणसूत्राच्या त्या भागातली अक्षरं लिहून आणली, मधेमधे झिजलेली, बदललेली. बाकावर पट्ट्या पसरल्या. सांधा कुठे आहे ते सांगितलं नाही, फक्त शोधा म्हटलं. वीसेक मिनिटं वर्गात कुजबुज चालली होती, बोटं अक्षरांवरून सरकत होती. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने पट्टीवरचं बोट काढलं नव्हतं.

"मॅडम, इथपर्यंत टी-टी-ए चाललंय," ती म्हणाली, "आणि इथून पुढे कुणीतरी उलटं लिहिलंय."

बाकीचे तिच्या बाकाभोवती जमा झाले.